विमलचा डावा अंगठा

आमच्या ऑफिसात खिडकीजवळच्या टेबलावर एक कीबोर्ड आहे, त्याला कुणी हात लावत नाही. आदर वगैरे काही नाही हो, कुणाला जमतच नाही. नवीन माणूस मोठ्या ऐटीत बसतो, एक ओळ टाइप करतो आणि माझ्याकडे बघतो. मी मुद्दाम फायलीत डोकं घालते. त्या कीबोर्डची स्पेसची लांब पट्टी मधोमध दुभंगलेली आहे. मोडलेली नाही, बनवतानाच तशी बनवलेली. उजवा तुकडा दाबला की जागा सुटते. डावा दाबला की नुसतं काहीच होत नाही, कारण ती शिफ्ट आहे. त्यांच्याखाली अंगठ्यांसाठीच आणखी दोन कळा, एक खोडायची, एक पुढच्या ओळीवर जायची. आणि जिथे साऱ्या जगाच्या कीबोर्डला शिफ्ट असते, त्या दोन्ही टोकांना रबराचे तुकडे दाबून बसवलेत. हे सगळं विमल तायडेचं राज्य होतं.

विमल आमच्याकडे मराठी टायपिस्ट होती. दिंडोशीच्या कोर्टापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर देसाई वकिलांचं ऑफिस आहे. आहे गाळाच, पण ऑफिस म्हटलं की देसाई खूश. अर्ज, शपथपत्रं, कागदपत्रांची भाषांतरं असली कामं. मी भाषांतर करायची आणि तपासायची, ती टाइप करायची. टेबलं समोरासमोर, त्यामुळे नवऱ्यापेक्षा जास्त मी तिचं तोंड पाहिलंय. वयाने मोठी म्हणून सुरुवातीला मी ताई म्हटलं, तर म्हणाली, "ताई म्हणशील आणि वर काम अंगावर टाकशील. त्यापेक्षा विमल म्हण, निदान भांडता येईल." मी तिची मंजे झाले, आणि मग आम्ही भांडलो, पोटभर भांडलो.

कामाला बसायच्या आधी ती साबण लावून हात धुवायची, जेवायला बसावं तसे. बांगड्या उतरवून ड्रॉवरमध्ये. कीबोर्डला स्वतः शिवलेलं फुलाफुलांचं झाकण होतं, ते घडी करून बाजूला. चहाचा कप टेबलावर? नाव काढायचं नाही. देसाई एकदा बोलता बोलता तिच्या टेबलावर कप ठेवून गेले. ही उठली आणि कप त्यांच्यासमोर नेऊन ठेवला. "साहेब, चहा तुमच्या टेबलावर जास्त छान लागतो." देसाईंनी गुपचूप प्यायला. ताठ बसायची, मनगटं अधांतरी, नजर कागदावर, आणि त्याच वेळी माझ्याशी वाद चालू. "हात कामात आहेत, तोंड मोकळं आहे. बोल!" चिडली की मुंबईची भाषा गळून पडायची आणि आतून माहेरचं वाशीम बाहेर यायचं. "काऊन? मले येड्यात काढते काय?" असं झालं की मी तिचं म्हणणं मान्य करून टाकायची. त्यातच शहाणपण होतं.

लग्न होऊन मुंबईत आली तेव्हा ती वाकोल्याला राहायची. तिथल्याच एका टायपिंग क्लासात शिकली. त्या मास्तरांचा एक नियम होता. जागा सोडायची ती उजव्या अंगठ्याने. डाव्या अंगठ्याने काहीही करायचं नाही, तो फक्त वर धरायचा. मास्तर त्या अंगठ्यावर खडूचा तुकडा ठेवायचे. खडू पडला की पान पुन्हा पहिल्यापासून. इतकी वर्षं झाली, टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, पण विमलचा डावा अंगठा खडू असल्यासारखाच वर राहिलेला. ती त्याला जावईबापू म्हणायची. "बाकीचे राबराब राबतात आणि हे जावईबापू बसलेत मांडवात, मानपानाची वाट बघत."

अंगठ्याशी तिचं वाकडं होतं ते मात्र क्लासच्या आधीपासून. तिची आई शेतमजूर. शाळेत विमलच्या प्रगतिपुस्तकावर आई अंगठा द्यायची आणि मास्तर भर वर्गात म्हणायचे, "आली अंगठेबहाद्दराची पोरगी." आई घरी जायच्या आधी वाटेतच चुलीतल्या राखेने अंगठा घासायची. राख पदरात बांधून न्यायची, कारण शाई लागलेला अंगठा घेऊन गावातून चालायची तिला लाज वाटायची. "राखेनं शाई जाते का गं?" असं मी एकदा विचारलं. "नाई जात," विमल म्हणाली. "कातडी जाते."

म्हणून आमच्या ऑफिसातलं शाईचं पॅड तिने ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवलं होतं. शपथपत्रावर अंगठा द्यायला बाई आली की विमल टायपिंग थांबवायची, खुर्ची ओढायची आणि तिला नाव लिहायला शिकवायची. तिथल्या तिथे. बाहेर रांग लागो, देसाई घड्याळ बघून कोट चढवोत. वाकोल्याच्या लक्ष्मीबाई मला आठवतात. धुणीभांडी करणारी म्हातारी, सख्ख्या भावाने तिची खोली स्वतःच्या नावावर करून घेतलेली. कशी? तर कागदावर अंगठा घेऊन. दावा लावायला ती आली आणि सवयीने अंगठा पुढे केला.

"तो आत ठेवा," विमल म्हणाली. "त्यानंच घर गेलं ना?"

"बाई, मला नाय येत लिवायला."

"मले तरी कुठं येत होतं? धरा पेन."

देसाई कासावीस. "अहो तायडे मॅडम, साडेअकराला पुकारा आहे माझा!"

"थांबा साहेब. नाव लिहायला वेळ लागतो."

लक्ष्मीबाईंनी घामाघूम होऊन नाव लिहिलं. अक्षरं कसली, सुट्या विटा. विमलने बघितलं आणि मान हलवली. "रेघ राहिली. डोक्यावर रेघ द्या. रेघेशिवाय नाव उघड्यावर पडल्यासारखं दिसतं." म्हातारीने जीभ चावत रेघ ओढली. नंतर विमल मला म्हणाली, "अंगठा काय, कुणीपण धरून टेकवतं गं. झोपलेल्या माणसाचा घेतात, मेलेल्याचा घेतात. सही हात धरून करवून दाखव बघू कुणाची." मी तपासायचं पान पुढे ओढलं.

मग एका वर्षी तिच्या पानांत चुका यायला लागल्या. तिच्या पानांत! विमलचं पान मी तपासायची ते नुसतं शास्त्र म्हणून. आणि आता शपथपत्राचं 'सपतपत्र', घराचं 'गर'. आमच्या मराठी टायपिंगमध्ये साधी कळ दाबली की ग, आणि करंगळीने शिफ्ट धरून तीच दाबली की घ. म्हणजे बोटं बरोबर जागी पडत होती, करंगळी दबत नव्हती. मी काही न बोलता दुरुस्त करून द्यायची. पण एके दिवशी डबा उघडताना तिने डब्याची कडी तळहाताच्या बुडाने ढकलली, तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही.

"हात दाखव."

"ज्योतिषी झाली काय?"

"विमल, हात दाखव."

करंगळ्यांचे सांधे सुजून लाल झाले होते. संधिवात. डॉक्टरांना दाखवून बरेच महिने झाले होते, औषधं चालू होती, आणि बयेने ऑफिसात कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, करंगळ्यांना विश्रांती द्या, नाहीतर बाकीची बोटंही त्याच वाटेने जातील.

"मग दे की विश्रांती!" मी ओरडलेच.

"कशी देऊ? करंगळीशिवाय मराठीत ख नाही, घ नाही, थ नाही. नवऱ्याच्या नावाचा भ नाही."

मी हसले, तशी ती पण हसली आणि मग एकदम रडायला लागली. विमलला रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं. डोळे पुसायला तिने मनगट वापरलं, बोटं नाही. "माझ्या मायकडं नुसता अंगठा होता, मंजे. मी दहा बोटं कमावली. आता एकेक करून परत जातील, आणि शेवटी माझ्याकडं पण अंगठाच राहील." मी तिचा डबा उघडून दिला. ज्वारीची भाकरी आणि ठेचा होता. दोघींनी खाल्ला.

त्याच सुमाराला देसाईंनी बोललेलं आपोआप टाइप करणारं काहीतरी कॉम्प्युटरवर घेतलं. मनाने वाईट नव्हते बिचारे. "तायडे मॅडम, मी बोलेन, ते लिहील, तुम्ही नुसत्या बसून बघा. आराम!" विमल म्हणाली, "बसून बघायला घरी टीव्ही आहे की साहेब." नुसतं बघायला पगार कोण किती दिवस देणार, हे तिलाही कळत होतं, मलाही.

आता भीमराव. तिचे यजमान. एका वर्कशॉपमधून रिटायर झालेले फिटर. गरीब गाय माणूस, बोलणं जेमतेम, पण घरातली कुठलीही वस्तू बिघडलेली बघवायची नाही. बायकोचा हात बिघडलेला कसा बघवेल? तिने सहज म्हटलं असेल, हा डावा अंगठा रिकामाच असतो, त्याला शिफ्ट देता आली असती तर. झालं. रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेले तर बाईसाहेब दारातच कपाळाला हात लावून.

"बघ! बघ तुझ्या भाऊजींचा पराक्रम!"

भीमरावांनी घरातल्या कीबोर्डची स्पेसची पट्टी लोखंड कापायच्या एक्साब्लेडने मधोमध कापली होती. कापली ती पण अशी की काय सांगू, दोन्ही कडांना पॉलिश पेपर मारून गुळगुळीत केल्या होत्या. डाव्या तुकड्यावर लाल ऑइलपेंटने बारीक अक्षरात 'शि' लिहिलं होतं. आणि अर्थातच वाट लागली होती, कारण पट्टी लांब असली तरी तिच्याखाली बटण एकच असतं. ते मध्ये. आता उजवा तुकडा दाबला की तिरका व्हायचा आणि डावा टुणकन उडून जमिनीवर.

"वरून दोन केल्या, खालून एकच निघाली," भीमराव खाली बघत म्हणाले. लोखंडात आयुष्य गेलेला माणूस. त्यांना वाटलं पट्टी कापली की दोन कळा होतात. हसू आवरेना मला. विमलही हसत हसत शिव्या घालत होती. "चांगला चालता कीबोर्ड मारला हो!" पण तो लाल 'शि' असलेला तुकडा तिने उचलला, पदराने पुसला आणि फ्रिजवर ठेवला. तो मग कायम तिथेच असायचा.

त्यांची मुलगी प्रज्ञा पवईला एका कंपनीत आहे. ती तेव्हा आतून केस पुसत आली, बाबांचा उद्योग बघितला आणि म्हणाली, "बाबा, असे मिळतात."

"काय मिळतात?"

"असेच. स्पेसबार दोन तुकड्यांचा, दोन्हीखाली वेगळं बटण. अंगठ्यासाठी वेगळ्या कळा. कुठल्या तुकड्याने काय करायचं ते आपण ठरवायचं. आमच्या ऑफिसात एकजण वापरतो." मग आई आणि बाप दोघांकडे बघत म्हणाली, "तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत यार?" त्या घरात त्रास कुणी कुणाला सांगायचाच नाही, सगळे एका माळेचे मणी.

कीबोर्ड ऑफिसात आला. प्रज्ञाने डाव्या तुकड्याला शिफ्ट केलं, उजव्याला जागा. मला वाटलं, चला, सुटलो. कसचं काय! करंगळीला इतक्या वर्षांची सवय. ख आला की ती आपोआप टोकाकडे धावायची आणि विमल कळवळायची. डावा अंगठा मात्र वरच्या वर. खडू पडेल ना! पहिल्या आठवड्यातली तिची पानं मी बघितली. वाक्यं कुठेही तुटलेली, नावं अर्धी. एवढी मानी बाई, पान काढायची, वाचायची, चुरगाळायची. एकदा म्हणाली, "राहू दे मंजे. साहेबांना सांगते, बसून बघते मी." इतक्या हळू आवाजात म्हणाली की मला तिचं वाशीम हवंहवंसं झालं.

तोडगा काढला भीमरावांनी. एक दिवस सकाळी पिशवी घेऊन ऑफिसात हजर. कुणाशी न बोलता तिच्या टेबलाशी बसले, कडेच्या दोन्ही जुन्या शिफ्टच्या कळा उपसल्या आणि त्या जागी टायरच्या रबराचे मापात कापलेले तुकडे दाबून बसवले. "इकडचं दार बंद केलं," ते म्हणाले. "आता करंगळी आली तरी आपटून परत जाईल. लागणार नाही. मऊ आहे." मग पिशवी उचलून निघून गेले. देसाई बघतच राहिले. विमलने त्या रबरावर करंगळी टेकवली, दाबून बघितली.

त्यानंतर तिने जावईबापूंना कामाला लावलं. रीतसर, रागावून, लाडीगोडी लावून. आख्ख्या ऑफिसला ऐकू जायचं. "उठा. उठा की हो! लग्न कधीच लागलं, मांडव उतरला, आता जरा हातभार लावा!" घ जमला की "शाबास." चुकला की "काऊन रे बाप्पा?" मी समोर बसून भाषांतर करायची आणि मध्येच हसून माझी ओळ चुकायची. हळूहळू घ यायला लागले, ख यायला लागले. एके दुपारी तिने न थांबता भीमरावांचं पूर्ण नाव टाइप केलं, पडद्यावर बघितलं आणि मला हाक मारली. "ये, बघ. भ."

खरी परीक्षा लक्ष्मीबाईंच्या कामात झाली. त्यांच्या पुराव्याचं शपथपत्र दाखल करायचं होतं, भलंमोठं, आणि देसाईंचं ते बोलकं यंत्र म्हातारीच्या बोलीपुढे पार झोपलं. त्यात कोर्टात दुसऱ्या दिवशी तारीख. देसाई विमलच्या टेबलाशी आले, पण कसं विचारावं ते त्यांना कळेना. तिने हात धुतले, बांगड्या काढल्या, बसली. लक्ष्मीबाई शेजारी बसून सांगायच्या, मी लिहून नीट करून द्यायची, विमल टाइप करायची. दोन्ही अंगठे खाली चालू होते आणि करंगळ्या पाहुण्यांसारख्या निवांत वर. जेवायच्या सुट्टीत देसाईंना एक ओळ सुधारायची हुक्की आली, तिच्या खुर्चीत बसले आणि पाच मिनिटांत हात वर केले. "हा कीबोर्ड आहे की डग्गा-तबला?" संध्याकाळी मी पानं तपासली. नुसतं शास्त्र म्हणून. लक्ष्मीबाईंनी सही केली, आणि न सांगता डोक्यावर रेघ दिली.

पुढे कित्येक वर्षं ती त्या कीबोर्डवर राबली. नवीन मुली यायच्या, "मॅडम, हे काय हो?" विचारायच्या, आणि विमल ऐटीत सांगायची, "माझ्या नवऱ्यानं शोध लावला. कंपनीनं नंतर चोरला." संधिवात थांबला नाही, बाकीची बोटंही वाकडी होत गेली, वेग कमी झाला. पण शेवटच्या दिवसापर्यंत तिचा पगार टायपिस्टचा होता, बसून बघण्याचा नव्हता.

आता पुढचं आधीच सांगून टाकते. विमल बाथरूममध्ये घसरली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण नंतर छातीत कफ झाला आणि ती घरी परत आली नाही. मला राग आहे त्याचा, अजून आहे. पण मला ती आठवते ती ऑपरेशनच्या दिवशी सकाळची.

अंधेरीच्या हॉस्पिटलात भीमराव आणि प्रज्ञा खाली काउंटरवर गेलेले, मी तिच्यापाशी. हिरवा झगा, बांगड्या काढलेल्या. म्हणाली, "बांगड्या काढल्या की वाटतं कामाला बसायचंय." तेवढ्यात सिस्टर ऑपरेशनच्या संमतीचा कागद घेऊन आली. कोवळी पोरगी, घाईत. तिने विमलची बोटं बघितली आणि अगदी मायेने खिशातून शाईचं छोटं पॅड काढलं.

"आजी, सही राहू दे. अंगठा द्या फक्त, डावा. मी धरते."

मी विमलकडे बघितलं. ती त्या पॅडकडे बघत होती.

"मंजे, पेन."

"विमल, अगं..."

"पेन दे."

बोटांत पेन धरवेना. दोनदा चादरीवर पडलं. मग तिने ते दोन्ही अंगठ्यांच्या मध्ये धरलं, घट्ट, उजवा वरून, डावा खालून. मी कागदाखाली फाइल धरली. सिस्टर घड्याळ बघत म्हणाली, "आजी, वर डॉक्टर थांबलेत."

"थांबू दे, बाळ. नाव लिहायला वेळ लागतो."

वि. म. ल. अक्षरं ओळीवरून घसरत होती. तायडे लिहिताना कपाळावर घाम आला, मी तो पुसला. सिस्टरने पॅडचं झाकण लावलं आणि खिशात टाकलं. शेवटची मात्रा झाली तशी मी कागद हळूच ओढायला लागले, तर तिने कोपराने तो दाबून धरला.

"थांब गं. रेघ राहिली."

आणि दोन्ही अंगठ्यांनी तिने आपल्या नावावर रेघ ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.